जन्मावरून ठरणारा संघ

डिसेंबर १९४३, मुंबईचं ब्रेबोर्न स्टेडियम. अंतिम सामन्यात एका संघाचा दुसरा डाव ३८७ धावांवर आटोपला आणि त्यातल्या ३०९ धावा एकट्या विजय हजारे यांच्या होत्या. बाकीचे दहा फलंदाज आणि अवांतर धावा मिळून भरले फक्त ७८. सहाव्या गड्यासाठी विजय आणि त्यांचा भाऊ विवेक यांनी ३०० धावांची भागीदारी केली. त्यात विवेकच्या धावा होत्या २१! पाच तासांहून अधिक काळ तो गडी एका टोकाला पाय रोवून उभा राहिला आणि दुसऱ्या टोकाला भाऊ विक्रम रचत होता. एवढं करूनही सामना एक डाव ६१ धावांनी गेला, कारण समोरच्या संघाने आधीच ५ बाद ५८१ वर डाव घोषित केला होता आणि त्यात विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० होत्या. हजारे यांनी त्याच स्पर्धेत आधी २४८ काढल्या होत्या, मर्चंट दोन धावांनी पुढे गेले, आणि त्याच सामन्याच्या दुसऱ्या डावात हजारे ३०९ वर. हे कमी म्हणून की काय, महिना उलटायच्या आत मर्चंट यांनी रणजी सामन्यात महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ ठोकल्या.

आकडे थक्क करतात, पण मला त्याहून नवल वाटतं ते संघांच्या नावांचं. मर्चंट ज्या संघाकडून खेळत होते त्याचं नाव होतं ‘हिंदू’. हजारे यांच्या संघाचं नाव ‘द रेस्ट’, म्हणजे बाकीचे सगळे. सांगलीत जन्मलेले हजारे मराठी ख्रिस्ती, म्हणून ते ‘बाकीच्यां’त. त्या संघात भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू, बौद्ध अशा सगळ्यांची भरती. उरलेले तीन संघ होते पारशी, मुस्लिम आणि युरोपियन. पाच संघ म्हणून पंचरंगी सामने. तुम्ही कुठल्या गावचे, कुठल्या क्लबाचे, कुठल्या गिरणीत कामाला, याला इथे काडीची किंमत नव्हती. कोणाच्या पोटी जन्मलात तेवढं सांगा, संघ मिळाला. अशी स्पर्धा आपल्या मुंबईत अर्ध्या शतकाहून अधिक काळ चालली, देशातली सर्वांत लोकप्रिय स्पर्धा झाली, आणि १९४६ साली बंद पडली ती कायमची.

ती अशी का झाली, हे शोधत मागे गेलं की पहिल्यांदा भेटतात घोडे.

हिंदुस्थानी माणसांत क्रिकेटची चटक आधी लागली मुंबईच्या पारशांना. १८४८ साली त्यांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. हिंदूंचा पहिला क्लब १८६६ मधला. सगळी पोरं किल्ल्याबाहेरच्या एस्प्लनेड मैदानावर खेळायची. १८७५ मध्ये तिथेच युरोपियनांचा बॉम्बे जिमखाना उभा राहिला. त्यांचं क्रिकेटचं मैदान राखीव, इतरांना बंदी. आणि पोलो मात्र खेळायचा तो उरलेल्या मोकळ्या मैदानावर, जिथे शेकडो देशी पोरं क्रिकेट खेळत. घोड्यांच्या टापांनी खेळपट्टीची चाळण व्हायची. अशा जमिनीवर चेंडू टप्पा पडून कुठे उसळेल, हे गोलंदाजालाही सांगता येणं कठीण. १८८१ मध्ये या खेळाडूंनी सरकारकडे अर्ज केला, मग आणखी अर्ज, मग वर्तमानपत्रांतून पत्रं. शापूरजी सोराबजी यांनी १८९७ मध्ये पारशी क्रिकेटचा जो इतिहास छापला, त्याच्या नावातच युरोपियन पोलो विरुद्ध देशी क्रिकेट असा झगडा आहे. पोलोपायी झालेल्या अन्यायाचं इतकं तपशीलवार दप्तर दुसरीकडे कुठे सापडेल असं वाटत नाही.

सरकारने तोड काय काढली? समुद्राला भर घालून काढलेल्या जमिनीवर, केनेडी सी फेसला, जिमखान्यांसाठी तुकडे दिले. आधी पारशी जिमखान्याला. मग, लॉर्ड हॅरिस गव्हर्नर असताना, इस्लाम जिमखाना आणि हिंदू जिमखाना. आज मरीन ड्राइव्हवरून जाताना ते तिन्ही दिसतात. स्पर्धेचा साचा माझ्या मते तिथे घडला. सरकारने एकच मोठं मैदान सगळ्या देशी खेळाडूंना मिळून दिलं असतं, तर पुढचे संघ गिरगाव, भायखळा, माझगाव असे पडले असते. जमीन धर्मवार वाटली गेली, संघ धर्मवार उभे राहिले. खेळाडूंनी धर्माचा ध्वज घेऊन मैदानात उतरायचं आधी ठरवलं आणि मग मैदानं मिळाली, असा उलटा क्रम लावायला बराच आटापिटा करावा लागेल.

पारशी मंडळी मोठी हिकमती. १८८६ आणि १८८८ मध्ये ती थेट इंग्लंडचा दौरा करून आली. दुसऱ्या दौऱ्यात डॉ. मेहलाशा पावरी यांनी १७० बळी घेतले. जानेवारी १८९० मध्ये पारशांनी व्हर्ननच्या इंग्लिश संघाला मुंबईत हरवलं. त्यानंतर बॉम्बे जिमखान्याला त्यांच्याकडे कानाडोळा करणं शक्य नव्हतं. २६ ऑगस्ट १८९२ ला युरोपियन विरुद्ध पारशी हा पहिला प्रेसिडेन्सी सामना सुरू झाला. ऑगस्टात, मुंबईत, ऐन पावसाळ्यात! भारतातल्या प्रथम दर्जाच्या क्रिकेटचा इतिहास याच सामन्यापासून मोजतात. १९०६ मध्ये हिंदूंनी आव्हान दिलं. पारशांनी नकार दिला, बॉम्बे जिमखान्याने होकार दिला आणि १०९ धावांनी सामना गमावला. १९०७ पासून स्पर्धा तिरंगी झाली, १९१२ मध्ये मुस्लिम संघ आल्यावर चौरंगी, १९३७ मध्ये ‘द रेस्ट’ आल्यावर पंचरंगी. कराची, लाहोर आणि आपल्या नागपुरातही तिच्या धाकट्या बहिणी निघाल्या.

यात एक वर्ष लक्षात ठेवण्याजोगं आहे. तिरंगी सुरू झाली १९०७ मध्ये, चौरंगी १९१२ मध्ये, आणि या दोहोंच्या मधोमध, १९०९ मध्ये, मोर्ले-मिंटो सुधारणा आल्या. त्यांनी मुस्लिम मतदारांना स्वतंत्र मतदारसंघ दिले: मुस्लिम उमेदवार, आणि मत देणारेही फक्त मुस्लिम. कौन्सिलाच्या दालनात जी रचना, तीच मैदानात. एकाने दुसऱ्याची नक्कल केली असं मी म्हणत नाही. समाज म्हणजे धर्माधर्माचे शेजारी ठेवलेले कप्पे, हा एकच हिशेब दोन्हीकडे चालू होता, एवढं मात्र खरं.

कप्प्यांच्या या हिशेबात एक माणूस मात्र बसत नव्हता.

बाळू पालवणकर १८७६ मध्ये धारवाडला जन्मले. चर्मकार कुटुंब, मूळ गाव कोकणातलं पालवण. वडील लष्करात नोकरीला. पुण्यात आल्यावर पोरगा पारशांच्या क्लबात मैदान झाडायचा, रूळ फिरवायचा. महिना तीन रुपये. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबात गेला, तिथे चार रुपये. जाळी लावायची, खेळपट्टी तयार करायची, आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. त्या क्लबात जे. जी. ग्रेग नावाचे नामांकित फलंदाज होते. ते तासन् तास बाळूच्या गोलंदाजीवर सराव करत, आणि बाद झाले की आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, ग्रेग यांच्या सरावातून हिंदुस्थानला पहिला थोर फिरकी गोलंदाज मिळाला, यात वाद नाही. डावऱ्या हाताची मंद गोलंदाजी, उडी आणि वळण दोन्हींवर हुकमत. आणि हा माणूस क्लबात फलंदाजी करायला कधी उभाच राहिला नाही, कारण बॅट साहेबाची असे.

पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचं होतं. हरवू शकणारा गोलंदाज डोळ्यांसमोर होता, पण अस्पृश्य. शेवटी घेतला. मैदानात त्याने टाकलेला चेंडू सगळ्यांनी हाताळायचा; चहाच्या वेळी मात्र त्याला पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा. चेंडू विटाळत नाही आणि कप विटाळतो, हा धर्मशास्त्राचा बारकावा मला आजवर कोणी समजावून दिलेला नाही. बाळूंनी बळी घेत राहायचं काम केलं. सातारच्या सामन्यात युरोपियनांची दाणादाण उडवून संघ परतला तेव्हा झालेल्या सत्कारात न्यायमूर्ती रानडे यांनी, सोबत खेळता तर सोबत जेवायला काय हरकत, अशा अर्थाचं सुनावलं, असं सांगतात.

मग मुंबई, मग १९०६ चा तो सामना. त्यात बाळूंबरोबर त्यांचे धाकटे भाऊ शिवरामही होते. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या साप्ताहिकाने त्या विजयाचं मोल सांगताना नेमकं या गोष्टीवर बोट ठेवलं: हिंदूंचा संघ जिंकला तो ज्यांना हिंदू देवळाबाहेर ठेवत त्यांना सोबत घेऊन. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या संघाबरोबर बाळू इंग्लंडला गेले. संघ सामन्यामागून सामने हरत होता आणि बाळूंनी एकंदर ११४ बळी घेतले. परत आल्यावर त्यांच्या सत्कारासाठी पुढाकार घेणाऱ्यांत एक तरुण होता, भीमराव आंबेडकर, असं चरित्रकारांनी लिहिलं आहे.

आता गंमत पाहा. ‘हिंदू’ म्हणून संघ भरायचा ठरवला की हिंदू कोण, हे ठरवावंच लागतं. आणि युरोपियनांविरुद्ध जिंकायचं तर बाळू हिंदू असणं भागच. स्पर्धेच्या अट्टल धर्मवार नियमाने जातीची एक भिंत अशी आतून पोखरली. पण पूर्ण नाही. बाळू संघाचे सर्वांत अनुभवी खेळाडू असताना कर्णधारपद वर्षानुवर्षं कुणा ना कुणा सवर्णाकडे जात राहिलं. १९२० मध्ये बाळूंना वगळून कर्णधार नेमताना पुन्हा तेच झालं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी संघातून अंग काढून घेतलं. बाळूंना कर्णधारपद कधीच मिळालं नाही. १९२३ मध्ये ते मिळालं विठ्ठल पालवणकरांना, आणि हिंदूंनी अंतिम सामन्यात युरोपियनांना हरवलं तेव्हा लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. विठ्ठलरावांनी ‘माझे क्रीडाजीवन’ या नावाने १९४८ मध्ये आत्मचरित्र लिहिलं. मराठीतलं हे एक अस्सल पुस्तक, आणि त्याची आठवण आपण फारशी ठेवलेली नाही.

दरम्यान वैदर्भीय वाचकांचे लाडके सी. के. नायडू आले. नागपूरचा हा उंचापुरा गडी १९१६ मध्ये चौरंगीत पहिल्यांदा उतरला आणि त्याने खातं उघडलं तेच षटकाराने. १ डिसेंबर १९२६ ला बॉम्बे जिमखान्यावर हिंदूंकडून खेळताना एम.सी.सी.च्या गोलंदाजीवर त्यांनी १५३ धावा काढल्या, त्यात ११ षटकार. त्या खेळीनंतर हिंदुस्थानला कसोटीचा दर्जा द्यायला हवा, ही चर्चा जोर धरू लागली, १९२८ मध्ये क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झालं, आणि १९३२ च्या पहिल्या कसोटीत भारताचे कर्णधार नायडूच होते.

मंडळाला हवी होती प्रांतवार स्पर्धा. ती १९३४-३५ मध्ये रणजी करंडक म्हणून सुरूही झाली. पण प्रेक्षक काही तिकडे फिरकेनात. चौरंगीला मैदान ओसंडून वाहायचं. १९३४ पासून बॉबी तल्यारखान रेडिओवरून समालोचन करू लागले, दिवसभर, एकटे, कोणाला ध्वनिक्षेपक न देता. इराण्याच्या हॉटेलाबाहेर घोळके उभे राहत. मुंबई विरुद्ध महाराष्ट्र या सामन्यात कोण जिंकलं याची चौकशी संध्याकाळी कोणी करत नसे. हिंदू विरुद्ध मुस्लिम म्हटलं की सगळं शहर कान देऊन बसे. लोकप्रियतेचं कारण आणि धोक्याचं कारण एकच होतं. हे कळायला विशेष अक्कल लागत नाही, पण तिकिटांचा गल्ला मोजत असताना ते कळूनही उमजत नाही. खुद्द १९३७ मध्ये, नव्या ब्रेबोर्न स्टेडियमवरच्या पहिल्याच पंचरंगीत, हिंदूंनी अंग काढून घेतलं. तत्त्वासाठी असेल असं वाटलं का? छे, हिंदू जिमखान्याच्या वाट्याला खुर्च्या कमी आल्या म्हणून.

स्पर्धेच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणंही ऐकायला हवं, कारण ते निव्वळ खोटं नव्हतं. ते म्हणत, सामने खेळीमेळीत होतात, चांगल्या फटक्याला सगळेच टाळ्या देतात. १९४४ च्या अंतिम सामन्यात मुस्लिम संघाला जिंकायला २९८ हव्या होत्या. के. सी. इब्राहिम सलामीला आले ते शेवटपर्यंत टिकले, नाबाद १३७. संघ एका गड्याने जिंकला. देशाच्या फाळणीची बोलणी चालू असताना झालेला हा सामना शांततेत पार पडला. चारच वर्षांनी तेच इब्राहिम भारताकडून वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटी खेळत होते, आणि मुस्लिम संघाच्या तंबूतले अब्दुल हफीज कारदार पुढे पाकिस्तानचे पहिले कसोटी कर्णधार झाले. पंचरंगीमुळे फाळणी झाली असं कोणी म्हणालं तर ती अतिशयोक्ती. पण दहा-वीस हजार माणसांनी दरवर्षी आठवडाभर ‘आपला’ म्हणजे कोण, याची उजळणी करायची आणि त्याने काहीच घडायचं नाही, हेही मला पटत नाही.

विरोध वाढत होता. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी, आणि ज्यांचं नाव या सामन्यांमुळे घरोघरी पोचलं ते तल्यारखानसुद्धा विरोधकांत. सविनय कायदेभंगाच्या काळात, १९३० ते १९३३, स्पर्धा झालीच नव्हती. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याचं शिष्टमंडळ वर्ध्याला गांधीजींकडे गेलं. गांधीजींना क्रिकेटमध्ये रस यथातथाच, पण त्यांनी सांगितलं ते स्वच्छ: कॉलेजाकॉलेजांत, संस्थासंस्थांत सामने होतात ते मी समजू शकतो, धर्माधर्मांचे संघ कशासाठी हे मला समजत नाही, शिवाय सभोवती युद्ध पेटलेलं असताना आणि पुढारी तुरुंगात असताना करमणूक नको. मुंबईच्या क्रिकेटचा निकाल वऱ्हाडाच्या उंबरठ्यावर लागावा, याची मौज आपल्याकडच्या वाचकांना वाटेल. हिंदू संघ त्या वर्षी उतरला नाही. पुढच्या वर्षी मात्र उतरला, आणि जिंकलाही. १९४२ मध्ये चले जाव चळवळीमुळे स्पर्धा रद्द झाली, १९४३ मध्ये पुन्हा भरली. हजारे-मर्चंट जुगलबंदी तेव्हाचीच. १९४५-४६ चा हंगाम शेवटचा ठरला. बंद करणाऱ्यांच्या मनात राष्ट्रहित होतं, तसंच रणजीच्या रिकाम्या खुर्च्यांचं दुःखही होतं. माझं मत विचाराल तर निर्णय शंभर टक्के योग्य, पण दहा वर्षं उशिरा.

या गोष्टीचा एक धागा विदर्भातल्या भंडारा जिल्ह्यापर्यंतही जातो, तो आता सांगतो. मैदानात पडलेला प्रश्न मतपेटीतही होताच: दलितांसाठी स्वतंत्र मतदारसंघ हवेत की संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा? पहिल्याचे पुरस्कर्ते आंबेडकर, दुसऱ्याचे पाठीराखे बाळू. सप्टेंबर १९३२ मध्ये येरवड्याला पुणे करार झाला, तेव्हा सह्या करणाऱ्यांत दोघेही होते. करारातून आलेल्या राखीव जागेवर १९३७ मध्ये मुंबईत दोघे एकमेकांसमोर उभे ठाकले. बाळू काँग्रेसकडून, आंबेडकर स्वतंत्र मजूर पक्षाकडून. आंबेडकरांना १३,२४५ मतं, बाळूंना ११,२२५. ज्याच्या सत्काराला पुढाकार घेतला त्यालाच पंचवीस वर्षांनी हरवावं लागलं, आणि तेही दोन हजारांच्या फरकाने.

पुणे कराराचीच पुढची आवृत्ती म्हणजे स्वातंत्र्यानंतरचे द्विसदस्य मतदारसंघ: एका मतदारसंघातून दोन खासदार, एक जागा सर्वसाधारण, एक राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मतं. असा एक मतदारसंघ होता भंडारा, तेव्हा जुन्या मध्य प्रदेशात, गोंदियासह. १९५४ च्या मे महिन्यात तिथे पोटनिवडणूक झाली आणि राखीव जागेसाठी डॉ. आंबेडकर उभे राहिले. एक मत बाबासाहेबांना देऊन दुसरं कुजवावं, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना फायदा होणार नाही, असा हिशेब कार्यकर्त्यांनी मांडला होता. घटना लिहिणाऱ्याने मत कुजवायला सांगायचं नसतं, म्हणून त्यांनी तो धुडकावला, ही हकीकत जिल्ह्यातल्या जुन्या माणसांकडून अनेकांनी ऐकली असेल. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर जिंकले, आंबेडकर आठ हजारांहून अधिक मतांनी हरले. द्विसदस्य मतदारसंघ १९६१ मध्ये कायद्याने रद्द झाले.

बाळू पालवणकर ४ जुलै १९५५ ला वारले. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१. कसोटी सामना त्यांच्या नावावर एकही नाही, कारण भारत पहिली कसोटी खेळला तेव्हा त्यांची पन्नाशी केव्हाच उलटून गेली होती.